कान, म्हणजे फ्रान्समधलं ते सिनेमा फेस्टिव्हलवालं गाव, आपल्या खिशात कसं बसवायचं

पहिलं म्हणजे नाव. आपल्याकडे सगळे कान्स म्हणतात, पेपरात पण तसंच येतं, पण तिकडे शेवटचा स कोणी उच्चारत नाही, नुसतं कान. आपल्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात तेच. आम्ही परत आल्यावर सासूबाईंनी शेजारच्या काकूंना सांगितलं "कानला जाऊन आलो", तर काकू म्हणाल्या, "अगंबाई, कुठल्या डॉक्टरकडे?"

तर आम्ही चौघं होतो, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, आणि चार दिवसांत एक गोष्ट कळली ती आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. या गावात बघायचे पैसे पडत नाहीत, बसायचे पडतात. समुद्र फुकट, वाळू फुकट, टेकडी फुकट, कोट्यवधीच्या बोटी फुकटात बघा, पण जिथं कुठं बूड टेकाल तिथं आधी विचारायचं की बाबा याचे किती. आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं नाही, ते येतंच पुढे.

कधी जायचं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच लोक चुकतात. मे महिन्यात फेस्टिव्हल असतो म्हणून मे मध्ये जायचं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. नका जाऊ. फेस्टिव्हल हा सिनेमावाल्यांचा, त्याला पास लागतो आणि तो तुमच्याआमच्यासाठी नसतो, वर हॉटेलचे दर इतके चढतात की तेवढ्यात अजून एक देश बघून होईल. सामान्य माणसासाठी त्या दिवसांत एकच गोष्ट खरी, संध्याकाळी बीचवर मोठा पडदा लावून फुकट सिनेमा दाखवतात, प्लाझ मासे नावाच्या बीचवर, तिथं कोणीही जाऊन बसू शकतं. बाकी बॅरिकेडच्या मागे उभं राहून कुणाच्या तरी गाडीची काच बघायची. आणि फक्त मे नाही हां. हे गाव कॉन्फरन्सवर चालतं. मार्चमध्ये प्रॉपर्टीवाल्यांचं मोठं प्रदर्शन, जूनमध्ये जाहिरातवाल्यांचं, सप्टेंबरात यॉटवाल्यांचं, ऑक्टोबरमध्ये टीव्हीवाल्यांचं. त्यातल्या कुठल्याही आठवड्यात तुमच्या तारखा पडल्या तर साधी खोली पण दुप्पट-तिप्पट दिसेल आणि तुम्हाला कळणारच नाही का. म्हणून बुकिंगच्या आधी पॅले दे फेस्टिव्हाल, म्हणजे हे सगळं जिथे भरतं ती इमारत, तिचं कॅलेंडर बघायचं, तिथे काही नसेल तो आठवडा पकडायचा. आम्ही सप्टेंबरचा शेवट पकडला, यॉटवाले गेलेले, पाणी अजून उबदार, ऊन बोचत नव्हतं. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार पण मग रात्री खाडीवर आतषबाजीची स्पर्धा असते काही ठराविक दिवशी, ती किनाऱ्यावर उभं राहून फुकट दिसते. मे मध्ये समुद्रात उतरायचा विचार असेल तर पाणी चांगलंच गार असतं, पाय घालून परत याल.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त रात्री असतील तर फ्रान्सकडेच अर्ज करायचा. फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आहे आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा. कमीत कमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर उन्हाळ्याचं असेल तर लवकर अपॉइंटमेंट घ्या, एप्रिलमध्ये जागे झालात तर स्लॉटच मिळत नाही.

पोचायचं नीसला, म्हणजे शेजारच्या मोठ्या शहरात. कानमध्ये प्रवासी विमानतळ नाही असं समजा, जो आहे तो प्रायव्हेट जेटवाल्यांचा. नीस एअरपोर्टवर उतरल्यावर समोर टॅक्सीची रांग दिसेल, आणि चार माणसं चार बॅगा घेऊन दमलेली असली की हात आपोआप वर जातो. तो खाली घ्या. टर्मिनल एकपासून नीस सँ-ओगुस्तँ नावाचं रेल्वे स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, नाहीतर ट्रामने ग्रां आरेना स्टॉपपर्यंत जायचं, एअरपोर्ट ते तिथपर्यंत ट्रामला तिकीट लागत नाही. तिथून लोकल गाडी, तिला तेर म्हणतात, अर्ध्या तासाच्या आसपास कान. माणशी दहा युरोच्या आत काम होतं, टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट. एक टीप फुकट घ्या, कानकडे जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, गाडी बऱ्याच ठिकाणी समुद्राच्या इतकी जवळून जाते की सासूबाईंनी कोकण रेल्वेला नावं ठेवायला सुरुवात केली. आणि कागदी तिकीट घेतलं असेल तर चढायच्या आधी त्यावर मशीनचा शिक्का लागतो का ते विचारून घ्यायचं, लागत असेल आणि मारला नाही तर तिकीट असून दंड. टीसी ऐकत नाहीत, टुरिस्ट आहे वगैरे चालत नाही. मोबाईलवरचं तिकीट असेल तर ही भानगड नाही.

राहायचं कुठे? क्रोझेत म्हणजे समुद्राला लागून जो मुख्य रस्ता आहे त्यावरची हॉटेलं बाहेरून बघायची. स्टेशनच्या आजूबाजूला बरी लहान हॉटेलं आहेत आणि स्टेशन ते समुद्र दहा मिनिटं पण चालावं लागत नाही, गाव तसं छोटं आहे. त्याहून स्वस्त म्हणजे पश्चिमेला ला बोका, नाहीतर सरळ नीस किंवा आंतीब नावाच्या शेजारच्या गावात राहा आणि ट्रेनने येऊन-जाऊन करा. दर बघताना लक्षात ठेवा की माणशी दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स वेगळा लागतो, तो बऱ्याचदा तिथं गेल्यावर काउंटरवर मागतात. आणि आपला तीन पिनवाला प्लग तिकडे बसत नाही, अडॅप्टर घरून न्या.

आता बीच.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही क्रोझेतवर गेलो, खाली वाळू, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छत्र्या, त्याखाली गाद्या घातलेल्या ओळीनं. पोरगा पळत गेला आणि एका गादीवर आडवा झाला. सासूबाई पण टेकल्या, गुडघे दुखत होते. मी म्हटलं बघा किती छान सोय केलीये नगरपालिकेने. दोन मिनिटांत पांढरा शर्ट घातलेला एक मुलगा आला, हातात छोटं मशीन, फार गोड हसून म्हणाला मादाम, आणि मग आकडा सांगितला. एका गादीचा. नवऱ्यानं मनात गुणाकार केला आणि सासूबाईंना मराठीत म्हणाला "आई उठ, उठ आधी". त्या उठल्या, वाळू झटकली, आणि त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "झोपायला इतके? घरी गादी आहे माझी." तो बिचारा मेर्सी म्हणाला, म्हणजे थँक्यू.

तर बीचचं गणित नीट समजून घ्या. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सरकारी, सगळ्यांचा. १९८६ च्या किनारा कायद्यात लिहिलंय की बीचवर सगळ्यांना मोकळेपणाने, फुकट जाता आलं पाहिजे. हॉटेलं आणि बीच क्लब त्यातला तुकडा भाड्याने घेतात. नैसर्गिक बीच असेल तर ८० टक्के मोकळा ठेवावा लागतो, माणसाने बनवलेला असेल तर ५० टक्के, आणि क्रोझेतची वाळू ही आणून टाकलेली आहे, म्हणून तिथं ते क्लब इतके दाटीवाटीने दिसतात. पण पाण्याच्या कडेने जी पट्टी असते तिथून चालायला कोणी अडवू शकत नाही, क्लब कुणाचाही असो. म्हणजे पैसे गादीचे आहेत, समुद्राचे नाहीत. क्लबमध्ये एका गादीचे दिवसाला तीस-चाळीस युरो सहज, पाण्याजवळची पहिली रांग त्याहून महाग, पाणी-जेवण वेगळं.

फुकटचे बीच: पॅलेच्या शेजारी प्लाझ मासे, छोटा आणि गर्दीचा पण सोयीचा. जुन्या बंदराच्या पलीकडे पश्चिमेला प्लाझ दु मिदी, लांबलचक, तिथून पुढे बोकापर्यंत चालत जा, फॅमिली लोकं असतात, आम्ही पुढचे तीन दिवस तिथेच. पूर्वेच्या टोकाला पाम बीचकडे गाझान्येर म्हणून आहे तो शांत आणि वाऱ्याला आडोसा असलेला. घरून एक पातळ चादर आणि एक मोठा पंचा न्या, पंचा लवकर वाळतो, जाड टॉवेल बॅगेत ओला राहतो आणि वास मारतो. छत्री तिथे सुपरमार्केटमध्ये मिळते.

बीचवर कपड्यांचं टेन्शन घेऊ नका, कोणी बघत नाही, लेगिंग आणि टीशर्ट घालून सासूबाई कमरेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या, शेजारी काय चाललंय तिकडे त्यांनी पहिली पाच मिनिटं बघितलं नाही आणि नंतर त्याही सरावल्या. मात्र बीचवरून वर रस्त्यावर आलात की शर्ट घाला, पुरुषांनी पण. स्विमिंगच्या कपड्यात किंवा उघड्या अंगाने गावात फिरलात तर दंड होऊ शकतो. दुसरी एक गंमत म्हणजे स्विमिंग पूल. बऱ्याच पूलवर आपली ढगळी बर्मुडा चालत नाही, स्वच्छतेचं कारण देतात, घट्ट ट्रंक लागते. हॉटेलला पूल असेल तर विचारून घ्या, नाहीतर काठावर बसाल. समुद्रात काहीही चालतं.

झेंडे बघायचे, हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नाही. जेलीफिश काही दिवस येतात, जांभळ्या छटेच्या, चावल्या की चांगलीच आग होते, लोक पाण्याबाहेर उभे दिसले तर आपणही थांबायचं. आणि भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच तिथे. भूमध्य समुद्र जवळजवळ सगळीकडून बंदिस्त, पाणी वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होतं तेवढंच. सासूबाई कोकणातल्या, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या, त्यांना हे पटेचना. सकाळी त्यांनी एका दगडावर खूण ठरवली, संध्याकाळी परत जाऊन बघितली, पाणी तिथंच. "मेलेला समुद्र आहे हा," म्हणाल्या. पण पोरांना पोहायला हा मेलेला समुद्र फार बरा, अचानक ओढ लागत नाही, वारा सुटला असेल तो दिवस सोडून.

खाण्याचं. इथं घड्याळ पाळावंच लागतं. जेवण बारा ते दोन, मग किचन बंद, परत संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. आम्ही अडीचला भुकेले पोचलो तर दार उघडं, खुर्च्या मांडलेल्या, आणि माणूस म्हणतो फक्त ड्रिंक्स. दुपारचं जेवण मुख्य ठेवा, कारण दुपारी फॉर्म्युल किंवा प्ला दु झुर म्हणून ठरलेलं जेवण असतं ते संध्याकाळपेक्षा बरंच स्वस्त. पाणी मागताना नुसतं वॉटर म्हणालात तर बाटली येते आणि बिलात बसते, "काराफ दो" म्हणायचं, नळाचं पाणी जगमध्ये आणून देतात, जेवणाबरोबर ते फुकट द्यावंच लागतं, पिण्यासारखं चांगलं असतं. टिप बिलातच धरलेली असते, सुट्टे ठेवलेत तर तुमची मर्जी. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली तर स्वस्त, तीच टेबलावर समुद्राकडे तोंड करून प्यायली तर महाग. बसायचे पैसे, सांगितलं ना.

आणि काही विचारायच्या आधी बॉंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणा. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, वेटरशी बोलताना. आपण थेट "एक्सक्यूज मी, हाऊ मच" करतो आणि मग म्हणतो की फ्रेंच लोक तुसडे. बॉंजूर म्हटल्यावर तीच माणसं फार बरी वागतात, हा फरक आम्ही स्वतः बघितला.

शाकाहारी लोकांसाठी: मार्शे फोर्व्हिल नावाचा मंडईसारखा छपराखालचा बाजार आहे, सकाळी जायचं, दुपारी एकनंतर सगळं आवरतात. सोमवारी भाजीऐवजी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार असतो, जुने चमचे, दिवे, पितळी वस्तू, बघायला मजा येते. फळं, चीज, ऑलिव्ह, ब्रेड घ्या आणि बीचवर खा, आमची दोन जेवणं तशीच झाली. सोक्का म्हणून एक प्रकार मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचं मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड, अहो सरळ बेसनाचं धिरडंच. मूळ नीसचं. सासूबाईंनी खाल्लं आणि म्हणाल्या कोथिंबीर नाही घातलेली. पण पिसालादिएर नावाचा कांद्याचा पाव फसवतो, दिसायला शाकाहारी पण त्यावर अँचोव्ही मासा असतो. पां बान्या नावाच्या सँडविचमध्ये ट्यूना मासा. विचारूनच घ्या. स्टेशनजवळ मोनोप्री नावाचं सुपरमार्केट आहे, दही, दूध, सॅलडचे डबे, सगळं मिळतं.

फिरायचं काय? पॅलेच्या बाहेर त्या प्रसिद्ध पायऱ्या आहेत, चोवीस, टीव्हीवर अवाढव्य दिसतात, प्रत्यक्षात आपल्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या पायऱ्या. फोटो काढायचा, रांग असते थोडी. आजूबाजूला फरशीवर नटनट्यांच्या पंजांचे ठसे आहेत, पोरगा प्रत्येकावर हात ठेवून बघत होता कोणाचा मोठा. आपला संबंध जुना आहे बरं या फेस्टिव्हलशी, १९४६ साली पहिला फेस्टिव्हल झाला त्यातच चेतन आनंदच्या सिनेमाला सर्वोच्च बक्षीस मिळालेलं, इतर काही सिनेमांबरोबर विभागून, आणि २०२४ ला पायल कपाडियाला ग्रां प्री, म्हणजे दोन नंबरचं बक्षीस.

क्रोझेतवर चालताना कार्लटन हॉटेल दिसेल, दोन घुमटांचं. याच हॉटेलात २०१३ च्या जुलैमध्ये भर दिवसा एक माणूस आला आणि दहा कोटी युरोंच्या वरचे दागिने घेऊन चालता झाला. त्यामुळे ट्रेनमध्ये आणि बाजारात आपली पर्स पुढे धरा, मागच्या खिशात मोबाईल नको.

ल सुके म्हणजे जुनं गाव, टेकडीवर. चढ आहे, गल्ल्या दगडी, चप्पल घसरते म्हणून बूट घाला. वर चर्च आणि जुना किल्ला, तिथून अख्खी खाडी, बंदर, बेटं सगळं दिसतं आणि त्याला तिकीट नाही. संध्याकाळी जा. हे सगळं आधी मासेमारीचं खेडं होतं, आणि श्रीमंतांचं झालं ते एका साथीमुळे. १८३४ साली लॉर्ड ब्रूम म्हणून इंग्लंडचा बडा माणूस इटलीकडे निघाला होता, कॉलऱ्यामुळे पुढची सरहद्द बंद, मागे फिरला तो कानमध्ये थांबला, गाव आवडलं, जमीन घेऊन बंगला बांधला आणि मग त्याच्या मागे बाकीचे इंग्रज. तेव्हा सगळे हिवाळ्यात यायचे, थंडी टाळायला. उन्हात लोळायची फॅशन नंतरची.

चार दिवसांत एकच गोष्ट पैसे देऊन करायची असेल तर बेटावर जा. जुन्या बंदराच्या पश्चिमेला के लोबफ म्हणून धक्का आहे तिथून बोटी सुटतात. बेटं दोन आणि दोघांच्या बोटी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एकावरून दुसऱ्यावर जायचं तर परत कानला येऊन दुसरं तिकीट, हे आधी माहीत असू द्या. मोठं सँत मार्गरीत, पंधरा मिनिटांचा प्रवास. पाइन आणि निलगिरीची झाडं, गाड्या नाहीत, आणि एक किल्ला ज्यात मुखवटा घालून ठेवलेला एक प्रसिद्ध कैदी १६८७ ते १६९८ अशी अकरा वर्षं होता. मुखवटा लोखंडाचा म्हणतात पण बहुतेक काळ्या मखमलीचा असावा, आणि माणूस कोण होता ते आजही कुणाला ठाम सांगता येत नाही. त्याची कोठडी बघता येते, खिडकीला एकाआड एक तीन जाळ्या आहेत. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली सहा मोठे सिमेंटचे चेहरे ठेवलेत २०२१ पासून, मास्क आणि स्नॉर्कल असेल आणि पोहता येत असेल तर जाऊन बघा, फुकट. नवरा जाऊन आला आणि म्हणाला काहीतरी नाक दिसलं.

धाकटं बेट सँ होनोरा, तिथं पाचव्या शतकात मठ सुरू झाला, आजही साधू राहतात आणि द्राक्षाची शेती करून वाइन बनवतात. शांतता हवी असेल तर हे, पोरं बरोबर असतील तर मोठं. दोन्हीकडे खायचं घेऊन जा, तिथं पर्याय कमी आणि महाग. कचरा परत आणायचा. शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या-उतरल्या फळ्यावर वाचून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

मोनॅकोचं लोक विचारतात. ट्रेनने तासाभरापेक्षा थोडं जास्त, एक दिवस पुरतो. कसिनोला अठरा वर्षांवरचे आणि ओळखपत्र, पासपोर्ट ओरिजिनल न्या. आंतीब त्यापेक्षा मला जास्त आवडलं, दहा-पंधरा मिनिटांवर आहे, जुना कोट आणि पिकासोचं म्युझियम समुद्राच्या काठावर.

शेवटचं राहिलं ते खुर्च्यांचं. क्रोझेतवर झाडांखाली निळ्या लोखंडी खुर्च्या ठेवलेल्या दिसतील, समुद्राकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्यांच्याजवळ पण जाईनात, गादीचा अनुभव ताजा होता, उभ्याच. मग एक फ्रेंच आजी कुत्र्याला घेऊन आली, बसली, आणि शेजारच्या खुर्चीवर हात आपटून यांना बोलावलं. त्या खुर्च्यांना पैसे नाहीत. सूर्य पश्चिमेला एस्तेरेलच्या लालसर डोंगरामागे जातो तर खुर्ची थोडी तिकडे वळवून घ्या, संध्याकाळी सहाच्या आत गेलात तर जागा मिळते, नीसला परत जायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण दोघी जणी एकमेकींची भाषा न कळता पाऊण तास गप्पा मारत बसल्या आणि आमची एक गाडी गेली.